ब्रेकवरचा पाय

योगाने झोप लागते म्हणता? आमच्या बाबांचं ऐका. एसटीत ड्रायव्हर, सगळा जन्म घाटात गेला. आई वारली आणि यांची झोप उडाली, म्हणून पनवेलला शवासनाच्या वर्गाला मी स्वतः घेऊन जायचो. बाकीचे म्हातारे पाच मिनिटांत घोरायला लागायचे, बाबांचा उजवा पाय मात्र ताठच.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, पाय सैल सोडा."

"ब्रेकवर हाय बाई. मागे माणसं झोपलीत."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना शेवटच्या रांगेत आडवं केलं. "बघा काका, आता मागे कोणी नाही."

बाबांनी मान वळवून पाहिलं आणि पाय सैल पडला.

"खरंच कोनी नाय," ते म्हणाले. "मग झोपून उठायचं तरी कोनासाठी?"

मी शेजारीच बसलो होतो.