गोदाअक्का कोणतं गाणं म्हणंल

मपलं नाव भामाबाई. माहेर गेवराईकडचं, सासर हितलंच, नांदूरघाटाच्या जवळ वस्ती हाय आमची. आई-बाप ऊस तोडायला जायचे, सासू-सासरे ऊस तोडायला जायचे, मंग मी काय कलेक्टरीन होणार व्हते का. आई सांगायची, दिवसभर मोळ्या बांधल्या, दिवस मावळायला आन तू यायला एकच गाठ पडली, उसाच्या फडाच्या बांधावरच. लगीन झालं, अंगाची हळद निघाली न्हाई तवर मुकादमाची गाडी दारात उभी. सासू म्हणली, चल पोरी, संसार गाडीत भर. संसार म्हंजी काय, दोन भगुने, तवा, वाकळ आन कोयते. दिवाळी आली की जायचं, पाडव्याच्या आगंमागं यायचं, घराला कुलूप. जवानी अशीच गेली ताई. पण रडून न्हाई गेली, गाणी म्हणत गेली. ते सांगायलाच तर बसवलंय तुमाला. पाणी घ्या आधी.

आता गोदाअक्का तुमाला मालूम हाय का न्हाई? तुमी पुण्याकडच्या, तुमाला कसं मालूम असंल. आमच्या बीड जिल्ह्यात लहान पोराला इचारा. सिंदफणा काठच्या एका खेड्यातली बाई, शाळा न्हाई, काई न्हाई, पर गळा असा की दोन वावरं पल्याड नांगर हाकणारा माणूस बैल उभे करून ऐकायचा. तिचा नवरा पेटी वाजवायचा. लग्नात, जत्रंत, नारायणगडाच्या यात्रंला, जिथं बोलवलं तिथं गेली. मंग कॅशिटा निघाल्या. आमच्या मुकादमाच्या ट्रॅक्टरवर तिचीच कॅशिट, जाताना तीच, येताना तीच, फीत ताणून ताणून तिचा आवाज बाप्या माणसासारखा निघायला लागला तरी आमी तीच लावायचो. बैलाचं गाणं, जावयाचं गाणं, धरणाचं गाणं, सगळ्याला तोंडपाठ.

मपलं मातर येगळंच व्हतं. कॅशिटीत नसलेलं एक गाणं मपल्यापाशी व्हतं.

सांगते ना. मंगल, मपली लेक, तवा पाच-सहा महिन्याची. माजलगावच्या अंगाला आमची टोळी व्हती, कारखान्याच्या माळावर कोपी टाकलेल्या. कोप म्हंजी पाचटाची खोपटी, वाकून आत जायचं, वाकूनच बाहीर यायचं. त्या दिवशी पोरीला ताप व्हता म्हणून मी फडात गेले न्हाई, आन अजून दोघी-तिघी बाया व्हत्या, कुणी बाळंतीण, कुणी आजारी. मपले मालक ऊस भरायला गेलते. दुपारचं एक जीप माळावर बंद पडली, त्यातून एक बाई उतरली, नऊवारी, कपाळभर कुकू, आन पाणी मागत आमच्या कोपीपाशी आली. म्या तिला वळखलं न्हाई, मी काय तिचं तोंड बघितलं व्हतं? वळख व्हती ती फक्त कॅशिटीतल्या आवाजाची. पाणी पेली. मंगल नुसती रडायलेली, कशानंच गप बसंना. ती बाई म्हणली, आण इकडं. मांडीवर घेतली, थापटायला लागली आन गायला लागली. आन ताई, आवाज कानात शिरला तसं मपल्या अंगावर काटाच आला. म्या म्हणलं, ये माय, तुमी गोदाअक्का का हो? ती हसली फक्त, गाणं काई थांबवलं न्हाई.

निज निज गं मैना, बांधाच्या कडेला,
आई येती मोळी टाकून, बापाच्या गाडीला.

पोरगी झोपली. जीप नीट झाली, डायवर हाका मारायला लागला, बाई उठून गेली. एवढंच. दुसऱ्या दिवशी फडात बायांनी इचारलं, काय गायली गं, आन म्या म्हणून दाखवलं, आन मंग त्या टोळीत ज्या ज्या बाईला लेकरू झालं ते ते त्याच गाण्यावर झोपलं. पुढच्या साली मुकादम बदलला, टोळी फुटली, कोण कुठली बाई कुठं गेली काय पत्ता. टोळीचं असंच असतं.

आन इथून पुढं मपल्या बोलण्यावर कुणी इस्वास ठिवीना झालं.

मपली पाठ गेली तवापासून मी तोडीला जाणं सोडलं आन फाट्यावर ही चहाची टपरी टाकली. मालक दूध आणत्यात, मी चहा-भजी करते. टपरीवर गोदाअक्काचं नाव निघालं की मी म्हणायची, ती मपल्या कोपीत बसली व्हती, आन माणसं हसायची. दगडू न्हावी, त्याचं दुकान हे समोर, तो म्हणायचा, काय बे, चहात काय टाकलं का आज भामाकाकूनं. घरात मंगल तसंच. तिनं मोबाईलात समदं धुंडलं, गोदाअक्काची झाडून सारी गाणी निघाली, हे न्हाई निघालं. म्हणायची, आई, हे तूच जुळवलंय आन तिच्या नावावर खपवतीस. मंगल नर्स हाय, दवाखान्यात हाय, तिला पुरावा लागतो ना. म्या म्हणायची, पुरावा काय, तू व्हतीस की मांडीवर. ती म्हणायची, व्हय, मी झोपले व्हते.

आवंदा उन्हाळ्यात बातमी आली. गोदाअक्काच्या गळ्याचं डाक्टरनं सांगितलं की आता गाणं बंद करा, न्हाईतर बोलणंबी जाईल. तर ती म्हणली, बंद करते, पर ज्या ज्या गावानं मला भाकर खाऊ घातली त्या गावाला एकदा राम राम घालून मंग. निरोपाचा फेरा काढला तिनं. गावोगाव एक कार्यक्रम, पर गाणी चार-पाचच, गळा जास्तीचं झेपत न्हाई. नांदूरघाटला बाजारतळावर यायची ठरली, आन काय सांगू तुमाला, या टपरीवर भांडणं सुरू झाली. चार-पाच गाणी आन माणूस गावभर. दगडू म्हणायचा, जावयाचंच म्हणलं पायजे, त्याच्याबिगर गोदाअक्का म्हंजी मिठाबिगर पिठलं. पोरं म्हणायची धरणाचं. आन आबा, आमच्याकडचे मोठे बागाईतदार, गावात त्यांचा शब्द चालतो, ते दूध-साखरंचा चहा पीत नुसते ऐकायचे. एक दिवस म्हणले, मला बैलाचं ऐकायचंय. ट्रॅक्टर घेतला तवा जोडी इकली, तवापासून त्या गाण्याची कॅशिट म्या लावली न्हाई. तिच्याच तोंडून ऐकीन.

मपलं मागणं कुणापुढं मांडायचं, हसून घ्यायला? पर मनात आस लागली ती लागली. मंगल पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली, सातवा सरून आठवा लागलेला. म्या म्हणलं, देवा, एकदा त्या बाईच्या तोंडून या पोरीला ते गाणं ऐकू दे, आता तर ती जागी हाय.

कार्यक्रमाच्या दिवशी गोदाअक्का दुपारी आबांच्या घरी उतरली. म्या मंगलला घेऊन मागच्या दारानं गेले. आबांच्या मालकिनीनं इचारलं, भामे, काय काम गं? म्या म्हणलं, बाई, एकदा भेटू द्या. तिनं आत सोडलं. गोदाअक्का बाजंवर बसली व्हती, गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याचा पेला. लई वाळली व्हती. म्या पाया पडले आन समदं सांगितलं, माजलगावचा माळ, बंद पडलेली जीप, ताप आलेली पोर, ही बघा तीच पोर. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग हळूच म्हणली, बाई, खोटं कावून बोलू, मला काईच आठवत न्हाई. जीप आमची रोजच बंद पडायची. म्या लई कोपीत पाणी पेले.

बाहीर निघावं म्हणलं तर मंगलनं मपला हात धरला. ती म्हणली, आई, म्हण की. अक्काला म्हणून दाखव. आन म्या म्हणलं, तिथंच खाली बसून. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, मंग पुढचं, जे मंगल शाळंत जायला लागली तवा म्या तिला रोज म्हणायची,

निज निज गं मैना, शाळा लागंल सकाळी,
आई कोयता धरती, तू धर पाटी काळी.

गोदाअक्का पेला खाली ठिवून ऐकायली. म्हणली, चाल मपली हाय. ही चाल दुसऱ्या कुणाची न्हाई. पहिल्या दोन ओळीबी मपल्या असत्यान. पर ही पाटीची? ही म्या कधीच बांधली न्हाई. मपल्या लेकराला मी कुठं पाटी दिली व्हती. ही तुपली हाय. मंगलनं मपल्याकडं बघितलं, म्या मंगलकडं. मला तर समदं गाणं तिचंच वाटायचं, कोणती ओळ कवा मपल्या तोंडातून निघाली मलाच मालूम न्हाई. पर पोरगी खुश झाली, म्हणली, म्हंजी आई, तूबी खरी आन मीबी खरी. गोदाअक्का म्हणली, संध्याकाळी म्होरं बस.

बाजारतळ गच्च भरला. ऊन उतरलं व्हतं, बाया एका अंगाला, बापे एका अंगाला, झाडावर पोरं. पेटीवर आता तिचा पोरगा असतो, नवरा गेला. तिनं धरणाचं म्हणलं. आवाज पहिल्यासारखा न्हाई ताई, मधीच तुटायचा, पर जिथं तुटायचा तिथं लोक उचलून धरायचे. मंग तिनं बैलाचं म्हणलं. आबा म्होरल्या खुर्चीवर बसले व्हते, फेट्याचा शेव तोंडाला लावून बसले ते गाणं संपलं तरी काढला न्हाई. दगडू मागून वरडला, अक्का, जावयाचं! ती म्हणली, बाबा, त्याला हसावं लागतं आन हसलं की मला ठसका लागतो, तूच म्हण, मी टाळ धरते. आन दगडूनं म्हणलं की हो! समदे बापे त्याच्या मागं. लोटपोट हसले लोक.

मंग ती पाणी पेली आन म्हणली, आता शेवटचं. आजवर म्या तुमाला गाऊन दाखवलं. दुपारी मला एक गाणं भेटलं, म्या कुठंतरी टाकून आले व्हते, ते बायांनी वाढवलंय. ते मला म्हणायचं न्हाई, ऐकायचं हाय. भामाबाई, ये.

मी कशी चढले तिथवर, कुणी हात दिला, काई म्हंता काई आठवत न्हाई. डोळे मिटले आन सुरू केलं, निज निज गं मैना. दुसरी ओळ म्हणायच्या आत बायांच्या अंगानं आवाज आला, एक न्हाई, दहा न्हाई, लई बाया. कुणी केजच्या, कुणी धारूरच्या, कार्यक्रमाला म्हणून आलेल्या, येगयेगळ्या टोळ्यांतल्या. मी कुणालाच वळखत नव्हते आन त्यांना ते गाणं येत व्हतं! मी थांबले तर एक बाई उभी राहून पुढचं म्हणाया लागली, जे म्या जन्मात ऐकलं नव्हतं,

निज निज गं मैना, भोंगा वाजला दूर,
चिमणीतून निघतो बाई, गोड गोड धूर.

तिचं झालं की तिसरी उठली. प्रत्येकीची ओळ येगळी, चाल एकच. मला वाटायचं ते गाणं मपल्या कोपीत पडून हाय. ते तर चालत चालत कुठल्या कुठं गेलतं, आमच्या फुटक्या टोळीनंच नेलं असंल, एकेका बाईनं एकेका कारखान्यावर. गोदाअक्का मांडी घालून, डोळे झाकून, मान हलवत बसली व्हती, तिच्या पोरानं पेटीबी बंद केली. शेवटी मपल्या कानापाशी येऊन म्हणली, भामे, मला वाटलं व्हतं मी निरोप घ्यायला निघाले, पर हे तर मागं राह्यचंच हाय की.

त्याला आता दोन महिने होत आलेत. मंगलला पोरगी झाली, दोघी चांगल्या हायत, आत झोपल्यात. मंगल म्हणती सुट्टी सरली की पोरीला घेऊन जाणार, ड्यूटी सोडणार न्हाई, आन सोडूबी नको म्हणलं म्या. दगडू आता गिऱ्हाइकाची दाढी करता करता स्टेजवर गायल्याचं सांगतो, ज्याच्या गालाला वस्तरा लावलेला त्याला काय, हूं हूं करावंच लागतं. आबांनी एक खोंड आणलाय, कामाला न्हाई, नुसता दारात बांधायला.

गोदाअक्काचा फेरा अजून चालूच हाय. अजून काई गावं राह्यलेत, शेवट नारायणगडाला करणार म्हणत्यात. फाट्यावर जीपगाड्या थांबतात, त्यातले लोक चहा पिता पिता इचारतात, आमच्याकडं यायचीय, काय म्हणंल हो? कुणाला धरणाचं पायजे, कुणाला बापाच्या आवडीचं, एक म्हतारा तर म्हणला मला नाव आठवत न्हाई पर त्यात लिंबाचं झाड येतं, तेवढं म्हणावं तिनं. म्या सगळ्यांना एकच सांगते, जाऊन म्होरं बसा आन मोठ्यानं मागा, लाजू नका. ती न्हाई म्हणली तर तुमी म्हणा. तिचा गळा तेवढी गावं पुरो, आन ज्याला जे गाणं ऐकायचंय त्याला ते ऐकाया भेटो, एवढंच मागणं हाय मपलं. तुमीबी जा ताई नारायणगडाला. तुमाला कोणतं पायजे ते आत्ताच ठरवून ठिवा.