उद्धव बेफाम नव्हता

गावकरी मंडळी, जाफराबादहून आलेले ड्रायव्हर बंधू, आणि समोर बसलेल्या वहिनी. मला भाषण येत न्हाई. तुमच्यासमोर उभं राहायचीबी लाज वाटून राह्यली. पण आज बोललो न्हाई, तर मंग कधीच बोलणार न्हाई.

उद्धवला जाऊन तेरा दिवस झाले. तेरा दिवस मी एकच ऐकून राह्यलो. उद्धव बेफाम चालवायचा. उद्धवला घाई नडली. परवा वहिनीबी म्हणल्या, ह्यांनी लेकरांचा तरी विचार करायचा व्हता. वहिनी, त्यानं केल्ता.

आमच्या दोन पिकअप गाड्या. कापूस भरायचा, जालन्याला टाकायचा. मी पुढं, उद्धव मागं. रस्त्यात फोनची रेंज जाती, म्हणून वॉकीटॉकीचे दोन सेट घेतले. मधी ट्रॅक्टर आला की मागच्याला पुढचं दिसत न्हाई. ते मी सांगायचं. सेट जुने, चार्जिंग टिकायचं न्हाई. म्हणून आम्ही ठरवल्तं, समोरून गाडी आली तरच बोलायचं. आवाज न्हाई म्हणजे रस्ता मोकळा. दोन वर्षं असंच चाललं.

त्या दिवशी निघताना उद्धवनं विचारलं, "सेट चार्ज हाय ना रे?" मी म्हणलो, "हाव, फुल हाय. चल जल्दी."

मंडळी, मी बघितलंबी नव्हतं. माझा सेट आदल्या दिवसापासून चार्जिंगला न लावता सीटखाली पडून व्हता.

वळणावर मी ट्रॅक्टर ओलांडून पुढं गेल्तो. समोरून ट्रक आला. मी बटन दाबलं. "थांब उद्धव, थांब" म्हणलो. लाईटच लागली न्हाई. पुन्हा दाबलं. हॉर्न वाजवला. आरशात बघितलं, तर त्याची गाडी ट्रॅक्टरच्या मागून बाहेर निघाली व्हती.

त्याला काय कळणार? तो कान देऊन बसला असंल. आवाज आला न्हाई, म्हणून निघाला. ठरल्याप्रमाणं निघाला. आता सांगा, घाई कोणाची व्हती?

हे मी पोलिसांनाबी सांगितलं न्हाई. भ्यालो. उद्या जाऊन सांगतो. त्यानं काय व्हणार? काहीच न्हाई. लेकरांचा बाप काही परत येत न्हाई.

एवढंच हात जोडून मागतो, उद्धवला बेफाम म्हणू नका. आता त्याच्यासाठी दोन मिनिटं शांत उभे राहा. मी तुमच्यात उभं राहावं का बाहेर जावं, ते वहिनींनी सांगावं.