मंगळवारची ओली मासळी

सभेचे अध्यक्ष, गावप्रमुख नाना ओटाबिल, व्यासपीठावरील माझ्या मार्गदर्शक डॉ. एजिर, ग्रंथालयाचे कर्मचारी, मागच्या रांगेत केंके म्हणजे आपले मक्याचे उकडलेले गोळे आणि तळलेली मासळी यांच्या टोपल्या सांभाळत बसलेली माझी आई आणि मावश्या, आणि ज्यांना आज निरोप द्यायचा आहे ते जुन्या कागदांच्या दालनाचे प्रमुख श्री. एको बेंटसिल सर,

धुरावर मासे सुकवणाऱ्या बाईच्या मुलीला, घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीला, आज सरांविषयी बोलण्याचा मान मिळाला. आई, रडू नकोस, अजून सुरुवातच आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एम.ए.च्या प्रबंधासाठी सरांच्या दालनात आले. आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांचा इतिहास मला लिहायचा होता. तिसऱ्याच आठवड्यात घबाड सापडलं! १२ मे १९३१ चा, एका इंग्रज आरोग्य निरीक्षकाचा अहवाल. ‘मासे धुरावर सुकवायच्या भट्ट्या पाडायला गेलो असता, होड्यांतून नुकत्याच उतरवलेल्या ओल्या मासळीने बायकांनी मला बडवले.’ काय हा लढा! मी दोन प्रकरणं लिहून काढली. डॉ. एजिर बाईंनी पाठ थोपटली. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते. मुदत चुकली तर वर्ष वाया.

तेव्हा सरांनी सहज विचारलं, “त्या दिवशी वार कोणता होता गं?”

“वाराचं काय घेऊन बसलात, सर? कागद अस्सल आहे. सरकारी शिक्का आहे!”

सरांनी जुनी दिनदर्शिका पुढे सरकवली. मंगळवार.

हसलात! म्हणजे तुमच्या लक्षात आलं. मंगळवार समुद्राच्या विश्रांतीचा. आपल्याकडची एक तरी होडी त्या दिवशी पाण्यात जाते का? मग ओली मासळी आली कुठून? तरीही मी हट्टाने आईला फोन लावला. ती म्हणाली, “मंगळवारी ताजी मासळी? अगं, एवढं शिकलीस आणि होतं तेही विसरलीस?”

“पण सर, हा त्या काळचा प्रत्यक्ष पुरावा आहे!”

“मुली, खोटं बोलणारा माणूससुद्धा त्याच काळात राहत होता. आता बायकांना विचार.”

“त्या तर कधीच वारल्या!”

“त्यांचे अर्ज नाही वारले.”

आम्ही दोघांनी नऊ दिवस पेट्या उपसल्या. ‘गटारे’ असं लिहिलेल्या पेटीत त्या अहवालानंतर आठवड्याभरातच केलेला, सतरा बायकांच्या अंगठ्यांचे ठसे असलेला एक अर्ज निघाला. ‘निरीक्षकसाहेब आमच्याकडे कधी फिरकलेच नाहीत. एकदा यावे, भट्ट्या बघाव्यात. आम्ही कोणाला मारत नाही.’ त्याखाली कुणा एकीने लेखनिकाकडून जास्तीची ओळ लिहवून घेतली होती: ‘अजून तरी मारलेले नाही.’

माझा लढा बुडाला. मुदत गेली, वर्ष गेलं. मी किती रडले ते डॉ. एजिर बाईंना विचारा. सरांना गप्प राहता आलं नसतं का? प्रबंध निमूट मंजूर झाला असता, आणि त्या सतरा जणी गटारांच्या पेटीतच राहिल्या असत्या. मी सगळं नव्याने लिहिलं. नाव दिलं, ‘न झालेली मारामारी’.

गेल्या महिन्यात तो मंजूर झाला. पहिली प्रत सरांना दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा चुकांची यादी माझ्या हातात ठेवली.

सर, मनापासून आभार. आणि सभाजनहो, माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. सर घालणार नाहीत. मघापासून ते पेन्सिलीने काहीतरी टिपून घेतायत.