पर्यायात नसलेली म्हैस

...आन् सर म्हनत्यात, 'उत्तरेश्वर, ही म्हैस काढून टाका!' आता तुमीच सांगा, कशी काढू? एमएसडब्ल्यूचा प्रबंध माझा, शुक्रवारी जमा करायचा, न्हाई केला तर वर्ष पाण्यात... आमच्या बीडात पाणी कुठं हाय म्हना, पर वर्ष तर जातंय का न्हाई!

विषय सरांचाच बरं का: 'दुष्काळी कुटुंबातील निर्णयप्रक्रिया'. मला तर आयतंच झालं. सोसायटीनं पालीजवळ चारा छावणी काढलती, आन् आमची चांदी म्हैस घेऊन आईनं मलाच तिथं बसवलतं. म्हनलं, म्हैस बी सांभाळू, संशोधन बी करू! मुद्द्याचा प्रश्न एकच: घरात निर्णय कोण घेतं? पर्याय बी दिलते... नवरा, बायको, सासू, सगळे मिळून. पयली गाठली चंद्रभागाबाई. शेण भरता भरता म्हनली, 'म्हैस.'

'अवो मावशी, पर्यायातलं सांगा की!'

'पर्याय कसला आलाय लेका? भाचीच्या लग्नाला जाऊ नको, कुणी ठरवलं? म्हशीनं! धारंला माघारी कोण येनार, तुझे सर?'

बरं, तिला सोडलं, शहादेवआबाकडं गेलो. मिशीला पीळ देऊन म्हनले, 'निर्णय? आमीच घेतो!' आन् मागनं वरडली की त्यांची म्हैस... कपातला चहा तसाच टाकून पळाले आबा! बायनाबाई? म्हैस. गीताबाई? म्हैस!

सर तापले, 'अहो, म्हैस कुटुंबाची सदस्य नाही! कोणत्या संदर्भग्रंथात आहे ही?' म्हनलं, सर, छावणीत हाय. आन् ठिवली तशीच!

मग तोंडी परीक्षा. बाहेरनं आलेल्या मॅडम चष्म्यावरनं बघून म्हनल्या, 'तुमच्या घरी निर्णय कोण घेतं?' मी ऐटीत, 'आमच्याकडं, मॅडम, सगळे मिळून...' तेवढ्यात फोन! आईचा! आन् आमच्या आईला फोनवर हळू बोलता येतच न्हाई, खोलीभर ऐकू गेलं: 'उत्तऱ्याऽऽ! कुठं मेलास रे? चांदी पान्हा सोडीना! तुझ्याबिगर कुनाला हात लावू देईना, तुझ्या बापाला लाथ घातली!' घालनारच की! छावणीत रोज धार मीच काढायचो, म्हैस पडली एकहाती, दुसऱ्याचा हात तिला चालतच न्हाई. सर खाली बघायलेत... म्हनलं, गेलं वर्ष! आन् मॅडम? चष्मा काढून डोळे पुसायल्यात, हसून हसून! म्हनल्या, 'आधी घरी जा. निष्कर्ष सिद्ध झाला.'

पास झालो ना, फर्स्ट क्लासात! खोटं कशाला बोलू, लई आनंद झाला. आईनं चांदीच्याच दुधाचे पेढे केले, सरांनी दोन जास्तीचे खाल्ले.

आता पुण्याच्या एका संस्थेतनं फोन आलता, नोकरी हाय, कधी येता? म्हनलं, घरी इच्यारून सांगतो. गोठ्यात गेलो, पेंड ठिवली, पाठीवरनं हात फिरवला, इच्यारलं. तिनं निवांत रवंथ केला, माझ्याकडं बघितलं आन् शिंगं हलवली... न्हाई म्हनली.

आता पर्याय कसला आलाय? चला, निघतो... धारंची येळ झाली.