दारापतुर येतंय आन् माघारी जातंय

हंबीरराव : मावशी, ह्या पंख्यात हळद कुणी भरली?

रंगूबाई : हळद न्हाई ती. भंडारा हाय, बिरोबाचा. म्या वरनं लावला हुता, आत गेला आसंल.

हंबीरराव : कॉम्प्युटरला भंडारा?

रंगूबाई : मग काय करायचं? मेंढरात रोग आला की दुखणाईत जनावर आदी कळपातनं भाईर काडायचं आन् भंडारा लावायचा. तसंच केलं. समद्या वायरी काडल्या, घोंगडं टाकलं आन् ह्येला एकटंच कोपऱ्यात ठिवलं.

हंबीरराव : वायरी काढल्या ते मात्र एकदम करेक्ट. फौजेत आमच्या सिग्नलमदी पण हीच ऑर्डर. बिघडलेला सेट पहिला लाइनवरनं तोडायचा. थांबा, ब्रशनं झाडतो भंडारा.

रंगूबाई : भुईवर नगा पाडू. ह्या कागदावर घ्या.

हंबीरराव : घेतो. आता रिपोर्ट द्या. पूर्ण द्यायचा, अर्धा नको.

रंगूबाई : म्याच बिघडवलं, सुभेदार. नात हाय माझी, अपेक्षा. सांगलीला नर्सिंगला असती. ह्ये तिचं. तिला अजून सांगितलं न्हाई. जत्रंतल्या ओव्यांचा पेनड्राइव्ह गावात फिरत हुता, ह्या घरनं त्या घरला. ती कसा लावती ते बघितलेलं, तसा लावला. ओव्या न्हाईतच लागल्या. पडद्यावर कायबाय नाचाय लागलं.

हंबीरराव : गावभर फिरलेला पेनड्राइव्ह. मग व्हायरस पण गावभराचा.

रंगूबाई : जतला एका दुकानात न्हेलं. त्येनं जंतू मारला म्हनं. तवापास्नं ह्ये आसं. पासवर्ड घातला की ‘या’ म्हनतंय, आन् लगीच पयल्या जागी. दारापतुर येतंय आन् माघारी जातंय. त्यो म्हनला, समदं पुसतो आन् नवं घालतो. म्या उचललं आन् यष्टीत बसले.

हंबीरराव : जतवरनं आष्ट्याला? वाटेत मिरज हाय, सांगली हाय. दुकानं काय कमी हायत?

रंगूबाई : तितं कोण वळखीचं? तुमच्या रानात तुमच्या वडलांनी, लालासायबांनी, किती वरसं आमची मेंढरं बसवली. कोकणात जाताना दोन राती, येताना दोन राती.

हंबीरराव : त्या राती आमच्या घरात सण असायचा, मावशी. लेंडीखत पडलं की अण्णा निर्धास्त. आमी पोरं कोकरांत झोपायला भांडायचो. बिरदेवमामा कसं हायत?

रंगूबाई : मालक श्रावणात गेलं.

हंबीरराव : ...मला कळलं न्हाई.

रंगूबाई : कोण सांगणार? कळप इकला, वाट सुटली. वाटंवरच्या मानसांस्नी कळवायचं कसं?

हंबीरराव : अण्णा असते तर जतला जाऊन आले असते. ह्यात काय हाय मामांचं? फोटो?

रंगूबाई : वाट हाय.

हंबीरराव : वाट?

रंगूबाई : गावापास्नं कोकणापतुर. समदी मुक्कामाची ठिकानं. हिर कुठं, सावली कुठं, कुनाचं रान. त्येनी सांगितलं आन् अपेक्षानं टाइप केलं. आन् त्यातच कुठंतरी माझी लेक हाय.

हंबीरराव : समजलं न्हाई, मावशी.

रंगूबाई : हरणा. आठ म्हैन्यांची. वाटंत दोघींस्नी ताप आला. मला सुद न्हवती. घोड्यावर टाकून मला म्होरच्या मुक्कामाला न्हेलं. डोळं उगडलं तवा ती न्हवती. कुठं ठिवली, इचारलं. सांगितलं न्हाई. म्हनलं, सांगितलं तर तू तितनं हालायची न्हाईस, आन् दोनशे मेंढरं उपाशी मरतील. पंचेचाळीस वरसं त्वांड उगडलं न्हाई त्या मानसानं. शेवटाला नातीला लिवाय सांगितलं.

हंबीरराव : अपेक्षाला आठवत असंल की.

रंगूबाई : ती कवा त्या वाटंनं चालली न्हाई. चाळीस ठिकानं, कुठली ध्येनात ऱ्हात्यात? तिनं इचारलं हुतं, वाचू का आज्जी. म्याच म्हनलं, ऱ्हाऊ दे. भ्या वाटायचं. आत हाय, एवढं बास हुतं. आन् म्याच घालवलं.

हंबीरराव : घालवलं का न्हाई ते मी सांगतो. ऐका. ह्ये मशीन उठलं की आत एका संत्र्याला, म्हणजे पहारेकऱ्याला, हाक मारतं. संत्री दार उघडतो, मग आपण आत. जंतूनं काय केलं, ड्युटीच्या डायरीतनं संत्र्याचं नाव खोडलं आन् स्वतःचं लिवलं. जतच्या माणसानं जंतू मारला, पण डायरी तशीच. ह्ये रोज मेलेल्याला हाक मारतंय.

रंगूबाई : मग ओ कोण दील?

हंबीरराव : कुणीच देत न्हाई. म्हणून माघारी. मी दुसऱ्या पेनड्राइव्हवरनं मशीन उठवतो आन् डायरीत जुनं नाव घालतो. तवर चहा घ्या.

रंगूबाई : बांधावरची चिंच हाय का अजून?

हंबीरराव : हाय की. अण्णांनी तिच्याखाली कधी नांगर घालू दिला न्हाई. आडसाली ऊस लावतानाबी तेवढा कोपरा सोडायचा. का, ते सांगितलं न्हाई. ऑर्डर म्हणून मी पण सोडतो.

रंगूबाई : तितं सांजंचं वारं लय ग्वाड. दिसभर चालून आलं की मेंढरं आपसूक बसायची. कुत्रीबी भुकायची न्हाईत. मला अजून सपनात तीच जागा दिसती. पांढरं पांढरं समदं, आन् मदी चूल.

(पंखा फिरू लागतो.)

हंबीरराव : बघा आता. पासवर्ड?

रंगूबाई : हरणा. अपेक्षानं त्येच ठिवलंय.

हंबीरराव : ...हां. गेलं आत. आलं न्हाई माघारी.

रंगूबाई : दावा. वाट दावा.

हंबीरराव : एक मिनिट. ‘आजोबा’ नावाचं फोल्डर हाय. पण रिकामं दिसतंय.

रंगूबाई : रिकामं?

हंबीरराव : बसा, मावशी. उठू नका. आत काय दिसत न्हाई, पण जागा भरलेली हाय. म्हणजे पुसलं न्हाई, लपवलंय. ही त्या जंतूची जुनी खोड. एक ओळ लिवायची, बास. ...हे घ्या. ‘वाट’. तीन पानं.

रंगूबाई : वाचा. सावकास वाचा. कळप पळत न्हाई.

हंबीरराव : ‘पहिला मुक्काम, गावाबाहेरचा माळ. बोरीच्या काट्यांचं कुंपण करावं. लांडग्याचं भ्या.’

रंगूबाई : व्हय. घोड्याच्या गळ्यात घाट असायची. रातभर वाजायची.

हंबीरराव : ‘तिसरा, कवठ्याच्या अलीकडं. पाटलाची हिर. पाणी गोड.’

रंगूबाई : पाटलीनबाई ताक द्यायची.

हंबीरराव : ‘सातवा, भिलवडी. कृष्णा उतरताना कोकरं हातावर घ्यावीत.’

रंगूबाई : म्या चार चार घ्यायची. वल्या लोकरीचा वास. सुभेदार, मला आत्ताबी येतोय त्यो वास. म्होरं?

हंबीरराव : ‘आठवा. आष्टा...’

रंगूबाई : तुमचंच रान. वाचा की. का थांबला? न्हाई तितं कायबी?

हंबीरराव : हाय, मावशी. ‘आठवा. आष्टा, लालासाहेबांचं रान. बांधावरच्या चिंचेखाली हरणा हाय. लालासाहेबांनी खड्डा काढायला हात लावला. नांगर घालणार न्हाई अशी बेलभंडार उचलून आण घेतली.’

रंगूबाई : चिंचंखाली.

हंबीरराव : मामा पहाटे तिथं भाकरी ठेवायचे. मी बघितलंय. मला वाटायचं, कुत्र्याला ठेवत असतील.

रंगूबाई : म्हंजी दर साली मी तिच्याजवळच निजत हुते. जाताना दोन राती, येताना दोन राती.

हंबीरराव : व्हय. चला मावशी, गाडी काढतो. उजेड हाय तवर जाऊन येऊ. हा कागदावरचा भंडारा पण घ्या.

रंगूबाई : आन् निजताना त्यो आपल्या हातानं माजं घोंगडं फिरवायचा. म्हनायचा, डोस्कं चिंचंकडं कर, तिकडनं वारं बरं येतंय.