निनादचा ड्राफ्ट आणि मला बघायला आलेली मंडळी

आमच्या निनादचं काय करायचं, तुम्हीच सांगा. नव्याण्णव साल असेल. शारजातल्या रोल्लाच्या आमच्या फ्लॅटवर मला बघायला अबुधाबीहून मंडळी आलेली, आणि हा माझा भाऊ टीव्हीसमोर. मामेभावाने अमेरिकेहून पाठवलेली कॅसेट लावून, तिथल्या कॉलेजातला कुठला फुटबॉल खेळाडू मोठ्या टीममध्ये घेतील, हे ठरवत बसलेला; त्या निवडीला म्हणे तिथे ड्राफ्ट म्हणतात. आई म्हणाली, "खलास कर ते आता." ऐकतोय कशाला.

मुलाच्या वडिलांनी कौतुकाने विचारलं, "कसं ठरवतात रे?"

"सिंपल, अंकल. हाइट, वेट बघतात, पळायला लावतात, जुनं दुखणं विचारतात, फॅमिलीची चौकशी करतात."

"अरे, आपल्यासारखंच की. आम्हीही केव्हापासून मुली बघतोय, कुठे जमतच नाही."

"देन यू गेट फर्स्ट पिक, अंकल. जी टीम सगळ्यात जास्त हरलेली, तिला पहिला चान्स."

काकांचा चेहरा पडला.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. माझी उंची विचारून झाली होती, चष्म्याचा नंबर विचारून झाला होता, दारापर्यंत चालूनही दाखवलं होतं. मीच विचारलं, "आणि खेळाडूलाच ती टीम नको असेल तर?"

"देन ही सिट्स आउट, ताई. वर्षभर घरी बसतो, नेक्स्ट इयर परत ड्राफ्टमध्ये."

आई डोळ्यांनी दटावत होती. मी ट्रे टीपॉयवर ठेवला.

"काका, पोहे घ्या. मी या वर्षी घरीच बसते."