पिचरचं बोट आणि शेवटची सोंगटी

सान पेद्रोत न्हाव्याकडे मी नंबर लावून बसलो होतो. शुक्रवारी बेसबॉलचा हंगाम सुरू व्हायचा होता आणि काल आमचा हुकमी पिचर हान्सेल याचं बोट मोडलं होतं. शेजारी बसले होते टॅक्सीवाला रादामेस आणि हान्सेलचा शेजारी फुल्हेन्सियो.

“माझी पोरगी जन्मली तेव्हा आपल्या संघाकडे शेवटचा चषक आला होता. आता तिचं लग्न ठरलंय! आणि हा शहाणा डॉमिनो खेळताना बोट मोडून घेतो!”

“हळू बोल, रादामेस,” फुल्हेन्सियो म्हणाला.

“का हळू? चेंडू टाकायचा हात आहे तो, हातोडा नाही! सोंगटी इतकी आपटतात?”

“तू नाही आपटत?”

“मी टॅक्सी चालवतो! त्याला खेळायला बसवलं कुणी, तेवढं सांग. तोंडाला काळं फासतो त्याच्या.”

“मी.”

“तू?”

“चौथा भिडू मिळेना.”

“गाढवा, बायकोला बसवायचं!”

“ती समोरच्या जोडीत होती. तिनेच डिवचलं त्याला. म्हणाली, मठातल्या जोगिणीसारखी ठेवतोस सोंगटी.”

“म्हणून आपटायची? एका सोंगटीपायी अख्खा हंगाम घालवला!”

“शेवटची होती, डाव जिंकणारी. रांगेच्या दोन्ही टोकांना लागत होती. असं क्वचित जुळतं.”

न्हाव्याची कात्री थांबली.

“दोन्ही टोकांना?” रादामेसने विचारलं.

“दोन्ही.”

“मग ती काय माणूस हळूच ठेवणार?”

“तेच म्हणतोय मी.”

“टेबल कसलं होतं?”

“सिमेंटचं.”

“सिमेंटचं!” रादामेस ताडकन उठला. “कुठल्या हरामखोराने बांधलं ते?”